मेगओहमची नोंद : निरोधन-रोध चाचणी आणि विद्युत संचमांडणीची नियतकालिक तपासणी

प्रस्तावना

विद्युतशक्तीचा इतिहास लिहिताना जनित्र, दिवा, ट्राम, जलविद्युत केंद्र अशा दृश्य गोष्टींचा विचार प्रामुख्याने होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. वीज जेथे जावयास नको तेथे ती जात नाही ना, हे पाहण्याच्या व्यवस्थेचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला आहे. निरोधन-रोध चाचणी ही या व्यवस्थेतील सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक प्रचलित अशी चाचणी होय. तारेतील धातू आणि जमीन, अथवा दोन तारांतील धातू, यांच्यामध्ये असलेले रबर, गटापर्चा, कागद किंवा पीव्हीसीचे आवरण विजेच्या गळतीला किती अडवते, हे या चाचणीत मोजले जाते. उत्तर मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या एककात मिळते. वायरमन मंडळी या सर्व प्रक्रियेला एकाच शब्दात 'मेगर मारणे' असे म्हणतात.

प्रत्येक शैक्षणिक संस्थेच्या दप्तरात विद्युत संचमांडणीचा चाचणी अहवाल कोठे ना कोठे असतोच. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही-शिक्का आणि मेगओहमचा एक आकडा असतो. हा आकडा कोठून आला, त्यास पुराव्याचे मूल्य केव्हा व कसे प्राप्त झाले आणि या प्रवासात त्याने काय गमावले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समुद्रतळातील धडा

या चाचणीचा जन्म घरगुती वायरिंगसाठी झालेला नाही. तिचे मूळ समुद्रात आहे. १८४० च्या दशकात मलाया-सिंगापूर परिसरातील झाडांचा चीक, म्हणजे गटापर्चा, युरोपात पोहोचला. ऊन लागले की मऊ होणारा आणि थंड पाण्यात घट्ट व टिकाऊ राहणारा हा पदार्थ तारेभोवती चढविता येतो, हे लक्षात आल्यावर तारायंत्राला समुद्र ओलांडण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५१ मध्ये डोव्हर आणि कॅले यांच्या दरम्यान टिकाऊ स्वरूपाची समुद्री तार पडली. हिंदुस्थानात त्याआधीच, १८३९ मध्ये, विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळ हुगळीच्या पात्रातून तार नेण्याचे प्रयोग केले होते.

जमिनीवरील तार तुटली तर घोडेस्वार पाठवून ती जोडता येते. दोन हजार मैलांची तार समुद्रतळाशी गेल्यावर तिच्या आवरणात सुईएवढे छिद्र असले तरी सर्व भांडवल बुडते. १८५८ च्या अटलांटिक तारेने हे सिद्ध करून दाखविले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ही तार कार्यान्वित झाली, राणी व्हिक्टोरिया आणि अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांच्या संदेशांची देवाणघेवाण झाली, दोन्ही किनाऱ्यांवर जल्लोष झाला आणि जेमतेम तीन आठवड्यांत तार मुकी झाली. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होते. संदेश क्षीण येऊ लागल्यावर त्यांनी प्रवर्तन कुंडलांच्या साहाय्याने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला, असे मानले जाते. तारेच्या मृत्यूचे खापर त्यांच्या माथी फोडले गेले. पण तार मुळातच सदोष होती. लंडनला ती उघड्यावर उन्हात पडून राहिली होती आणि उष्णतेने मऊ झालेल्या गटापर्चात तांब्याची तार ठिकठिकाणी मध्यभागापासून सरकली होती. एका माणसाला दोषी ठरविणे कारखान्यातील तपासणीचा अभाव मान्य करण्यापेक्षा सोयीचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरा आघात हिंदुस्थानशी निगडित होता. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानशी तातडीचा संपर्क हवा होता. १८५९-६० मध्ये सुएझ ते एडन आणि एडन ते कराची अशी तार तांबड्या समुद्रातून व अरबी समुद्रातून टाकण्यात आली. ब्रिटिश सरकारने तिच्या भांडवलावरील परताव्याची हमी तार चालो वा न चालो अशी बिनशर्त दिली होती. तार चालली नाही आणि सरकारला मात्र पुढे कित्येक वर्षे पैसे भरावे लागले. खजिन्याला झळ लागल्यावर चौकशी होते, हा सार्वकालिक नियम येथेही लागू पडला. कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने चार्ल्स व्हीटस्टन, लॅटिमर क्लार्क, क्रॉमवेल व्हार्ली प्रभृतींच्या सहभागाने दीर्घ साक्षी घेतल्या आणि १८६१ मध्ये आपला अहवाल दिला. त्या वेळेपर्यंत जगभर टाकलेल्या सुमारे ११ हजार मैल समुद्री तारांपैकी सुमारे ३ हजार मैलच चालू स्थितीत होत्या.

या समितीच्या कामातून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. तारेचे आवरण 'चांगले' आहे असे म्हणणे पुरेसे नव्हते. ते किती चांगले आहे, हे सर्वांना मान्य अशा एककात सांगता यावयास हवे होते. एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याला, आणि आजचा आकडा पुढील वर्षीच्या अभियंत्याला कळावयास हवा होता. १८६१ मध्येच ब्रिटिश असोसिएशनने विद्युत रोधाच्या प्रमाण एककासाठी समिती नेमली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांचा त्यामागे पुढाकार होता आणि फ्लीमिंग जेंकिन यांच्यासारखे समुद्री तारांचे अभियंते त्यात काम करीत होते. १८६५ मध्ये या समितीने रोधाची प्रमाण कुंडले वितरित केली. एककांना नावे देण्याची मूळ सूचना क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट यांची. गमतीची बाब अशी की, त्यांच्या प्रस्तावात 'ओहमा' हे नाव विद्युतचालक बलाला आणि 'व्होल्ट' हे रोधाला दिलेले होते. पुढे ही नावे अदलाबदल होऊन स्थिर झाली. आज प्रयोगशाळेत आपण जो ओहम शिकवितो त्याची निकड शुद्ध भौतिकीतून जेवढी आली तेवढीच बुडालेल्या भांडवलातून आली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मुंबईला आलेली तार

१८७० मधील सुएझ-एडन-मुंबई तारेच्या वेळी चित्र पूर्णतः पालटलेले दिसते. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे सर्वांत प्रचंड जहाज तार घेऊन मुंबईस आले आणि फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईकडून एडनच्या दिशेने तार सोडीत गेले. या मोहिमेसाठी जहाजाच्या काळ्या बाह्यांगाला पांढरा रंग देण्यात आला होता. उष्ण कटिबंधातील उन्हाने जहाज तापू नये आणि पोटातील टाक्यांत साठविलेल्या तारेच्या गटापर्चाला धक्का पोहोचू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडन-मुंबई संपर्क समुद्रमार्गे पूर्ण झाला.

या बारा वर्षांत नेमके काय बदलले? तारेचा प्रत्येक तुकडा कारखान्यात पाण्यात बुडवून, ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमानाला २४ तास ठेवून मोजला जाऊ लागला. विद्युत दाब लावल्यावर लगेचचे वाचन न घेता एका मिनिटानंतरचे वाचन घेण्याची रीत रूढ झाली. कारण असे की, दाब लावताच तीन प्रकारचे प्रवाह एकाच वेळी वाहतात. तारेची धारणशक्ती भरून काढणारा प्रवाह क्षणात संपतो. निरोधक पदार्थाच्या अंतर्भागात शोषला जाणारा प्रवाह हळूहळू ओसरतो. आणि खरी गळती तेवढी कायम राहते. म्हणून वाचन कितव्या क्षणी घेतले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. तापमानाचेही तसेच आहे. बहुतेक निरोधकांचा रोध तापमान वाढले की झपाट्याने घटतो. दर दहा अंश सेल्सिअसला तो साधारणतः निम्म्यावर येतो, असा ढोबळ संकेत अभियंते आजही वापरतात. म्हणजे २० अंशाला ४ मेगओहम दाखविणारे आवरण ४० अंशाला कोणताही दोष नसताना १ मेगओहम दाखवील.

अशा प्रकारे समुद्री तारेच्या नोंदवहीतील आकडा एकटा नसे. त्यासोबत तापमान, वेळ, लावलेला दाब आणि तुकड्याची लांबी असे. तारेच्या हयातीत अशी वाचने पुनःपुन्हा घेतली जात आणि मागील वाचनांशी ताडून पाहिली जात. निरोधन-रोधाचा आकडा हा मूलतः एका मालिकेतील आकडा होता, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

तारायंत्राकडून दिव्याकडे

१८८२ मध्ये लंडनमधील 'सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स' या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगींच्या प्रतिबंधासाठी नियम प्रसिद्ध केले. आजच्या ब्रिटिश वायरिंग नियमांची ही पहिली आवृत्ती. संस्थेच्या नावातच सर्व इतिहास साठविलेला आहे: घरातील वायरिंगचे नियम लिहिणारे हात तारायंत्राचे होते, आणि गळती मोजण्याची सवय त्यांनी समुद्रातून घरात आणली. त्यांच्या जोडीला आग विमा कंपन्या होत्या. १८८२ मध्येच फीनिक्स फायर ऑफिसच्या वतीने मस्ग्रेव्ह हीफी यांनी आपले स्वतंत्र नियम केले होते. विमा कंपनीला विजेचे तत्त्वज्ञान नको होते. हप्ता ठरविण्यापूर्वी पाहता येईल असा एक आकडा हवा होता.

योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबई नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि काही रस्ते विजेने उजळण्याचा प्रयत्न केला. पुढील वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. यावरून कोणताही कार्यकारणसंबंध जोडणे योग्य होणार नाही. तथापि लंडनमध्ये नियम होत असताना मुंबईत वीज प्रत्यक्ष येऊन गेली होती, एवढे मात्र खरे. हिंदुस्थानात १८८७, १९०३ आणि १९१० असे विद्युतविषयक कायदे क्रमाने झाले. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

घरोघरी जाऊन चाचणी करावयाची तर प्रयोगशाळेतील आरसा-गॅल्व्हानोमीटर आणि विद्युतघटांची पेटी उपयोगाची नव्हती. ही अडचण सिडनी एव्हरशेड यांनी सोडविली. १८८९ मध्ये त्यांनी हाताने फिरविण्याचे जनित्र आणि ओहममापक अशी सुवाह्य जोडी सिद्ध केली. १८९५ मध्ये अर्नेस्ट व्हिग्नोल्स यांच्यासह कंपनी काढली. आणि १९०३ मध्ये 'मेगर' हे व्यापारचिन्ह नोंदविले. जनित्र आणि मापक एकाच पेटीत आले. या उपकरणाची खुबी अशी की, त्यातील दोन परस्परछेदी कुंडलांपैकी एक दाबाला आणि दुसरे प्रवाहाला प्रतिसाद देते व काटा त्यांच्या गुणोत्तरावर स्थिरावतो. त्यामुळे दांडा थोडा कमी-अधिक वेगाने फिरला तरी वाचन फारसे बदलत नाही. लाकडी पेटी, पितळी अग्रे आणि तबकडीच्या एका टोकाला अनंताचे चिन्ह. जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ही पेटी अनेकांनी पाहिली असेल. व्यापारचिन्ह पुढे सामान्यनाम आणि मराठीत तर क्रियापदाचा भाग झाले.

एव्हरशेड यांचे दुसरे कार्य तेवढे प्रसिद्ध नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. निरोधन-रोधाच्या गुणधर्मांविषयीचा त्यांचा प्रदीर्घ निबंध १९१३-१४ मध्ये लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे आला. सूत, कागद यांसारख्या तंतुमय निरोधकांत आपण जो रोध मोजतो तो मुख्यतः त्या पदार्थाचा नसून त्यात मुरलेल्या ओलाव्याचा असतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. दाब वाढविला की हे पाणी सूक्ष्म मार्गांतून पसरते आणि रोध घटतो. थोडक्यात, ज्या माणसाने मेगर घडविला त्यानेच हे उपकरण बहुतांशी ओल मोजते, असे सांगून ठेवले.

भारतीय नियम आणि त्यांतील अंकगणित

स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ ची भारतीय विद्युत नियमावली दीर्घकाळ प्रमाण होती. तिच्यात ग्राहकाच्या संचमांडणीला वीजजोडणी देण्यापूर्वी गळतीची खातरजमा करणे पुरवठादारावर बंधनकारक होते, आणि जोडणी दिल्यानंतर अशा प्रत्येक संचमांडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी व चाचणी करण्याची तरतूद होती. गळतीची मर्यादा भारतीय व्यवहारात कमाल प्रवाहाच्या पाच-सहस्रांश इतकी मानली जात असे. दुसरीकडे, वायरिंगविषयक भारतीय मानकाने ५० ला दिवे-पंख्यांच्या एकूण पॉइंटांच्या संख्येने भागून येणारा मेगओहमचा आकडा किमान मानला आणि संपूर्ण संचमांडणीसाठी १ मेगओहमहून अधिक रोधाची अपेक्षा ठेवली नाही.

या दोन कसोट्या समोरासमोर ठेवल्या तर रंजक निष्कर्ष निघतो. समजा, एका इमारतीत २०० पॉइंट आहेत आणि कमाल प्रवाह २५ अँपिअर आहे. मानकानुसार किमान रोध ०.२५ मेगओहम, २५० व्होल्टला गळती १ मिलिअँपिअर. पाच-सहस्रांशाच्या कसोटीनुसार ५ मिलिअँपिअर गळती चालते. म्हणजे रोध ५० हजार ओहम, अर्थात ०.०५ मेगओहम असला तरी हरकत नाही. एकाच इमारतीस एक कसोटी नापास करते आणि दुसरी उत्तीर्ण करते. ५ मिलिअँपिअर म्हणजे सव्वा वॅटची उष्णता. ती शेकडो फूट तारेत विखुरली तर काहीच घडत नाही. ओल्या लाकडी पट्टीखाली एकाच जागी एकवटली तर लाकूड हळूहळू कोळपत जाते. गळती एकूण किती हे मेगर सांगतो. ती कोठे आहे हे शोधण्यासाठी एकेक परिपथ सोडवून मोजावा लागतो. संपूर्ण इमारतीचा एकच आकडा लिहिणाऱ्या अहवालाबाबत प्रस्तुत लेखकाचा आक्षेप येथून सुरू होतो.

पॉइंट वाढले की अपेक्षा कमी होते, यामागील तर्क मात्र निर्दोष आहे. प्रत्येक पॉइंट ही गळतीची एक समांतर वाट असते आणि समांतर वाटा वाढल्या की एकूण रोध घटतो. त्या काळची वायरिंग डोळ्यांसमोर आणली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सागवानी केसिंग-कॅपिंग, तिच्या खाचेतून जाणारी सुती वेष्टणाची रबरी तार, गोल लाकडी ठोकळ्यावर बसविलेला पितळी स्विच. ओल शिरण्यास प्रत्येक ठोकळा ही एक जागाच होती. पुढे पीव्हीसी आले आणि रोधाचे आकडे शतपटीने वाढले. आज ५०० व्होल्टपर्यंतच्या परिपथासाठी ५०० व्होल्ट एकदिश दाबाने चाचणी करून किमान १ मेगओहमची अपेक्षा आंतरराष्ट्रीय मानकात केली जाते. ब्रिटिश नियमांत २००८ पूर्वी ही मर्यादा ०.५ मेगओहम होती. नवी पीव्हीसी वायरिंग यापेक्षा कितीतरी अधिक आकडा सहज दाखविते. तेव्हा १.२ मेगओहम हे वाचन नियमाने उत्तीर्ण असले तरी जाणत्या पर्यवेक्षकाला ते अस्वस्थ करावयास हवे.

पाच वर्षांतून एकदा, मे महिन्यात

१९५६ च्या नियमावलीची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये नवे विनियम आले. विशिष्ट दाबाखालील संचमांडणीबाबत मालकाने स्वयंप्रमाणन करावे, ही कल्पना या काळात रुजली. निरीक्षकांच्या संख्येची मर्यादा पाहता ती समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे नोंदीची गुणवत्ता हा प्रश्न निरीक्षकाच्या टेबलावरून थेट संस्थेच्या टेबलावर आला, याची जाणीव आपल्या क्षेत्रात अद्याप पुरेशी दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाने एका जुन्या शैक्षणिक इमारतीचे तीन लागोपाठचे चाचणी अहवाल पाहिले आहेत. तिन्ही अहवालांत प्रत्येक खोलीपुढे ५० मेगओहम हाच आकडा होता. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, दगडी तळघरातील भांडार आणि गच्चीखालचा वर्ग यांचा रोध पंधरा वर्षे तंतोतंत समान राहणे भौतिकीला मान्य होणारे नाही. ठेकेदाराला दोष देण्यापूर्वी आपण विचारावयास हवे की, छापील नमुन्यात तापमान, हवामान, लावलेला दाब आणि वाचनाची वेळ यांसाठी रकाने तरी होते काय? नव्हते. १८७० मध्ये जहाजावरील कारकून जे लिहीत असे ते लिहिण्यास येथे जागाच नव्हती.

दुसरी बाब ऋतूची. शाळा-महाविद्यालयांची तपासणी सोयीसाठी उन्हाळी सुट्टीत होते. मे महिन्यात भिंती कोरड्या ठणठणीत असतात. एव्हरशेड यांचे म्हणणे खरे असेल, आणि जुन्या वायरिंगबाबत ते खरेच आहे, तर ओल मोजणारे उपकरण आपण वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत वापरीत आहोत. कोकणात आणि घाटमाथ्यावर ऑगस्टमध्ये तीच भिंत हाताला गार लागते, तिच्यावर बुरशी चढते, आणि मे महिन्याचा कागद मात्र फायलीत सुखरूप असतो. उलट जुनी रबरी तार वीस-पंचवीस वर्षांत कडक होऊन तडकते. कोरड्या हवेत ती उत्तम रोध दाखविते, कारण तडा म्हणजे हवा आणि कोरडी हवा हा चांगला निरोधक आहे. पंख्याची दुरुस्ती करताना तार जरा वाकविली की आवरण भुग्यासारखे गळून पडते. मेगरच्या काट्याला हे ठाऊक नसते.

या चाचणीकडून भलतीच अपेक्षा करणेही चुकीचे ठरेल. सैल जोड, आवश्यकतेपेक्षा बारीक तार, एका सॉकेटवर लादलेला भार यांतून निर्माण होणारी उष्णता तिच्या कक्षेत येत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला आणि राज्यातील रुग्णालयांच्या अग्नि व विद्युत तपासणीचा विषय अग्रक्रमावर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात पुन्हा आग लागली. अशा प्रत्येक घटनेनंतर 'शॉर्टसर्किट' हा शब्द वृत्तपत्रांतून येतो. हा शब्द शेवटचा क्षण सांगतो; त्याआधीच्या महिन्यांत आवरणाची अवस्था काय होती, हे सांगण्यास मालिकेतील वाचने लागतात आणि ती बहुधा उपलब्ध नसतात.

गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबीसारखी साधने आता सर्वत्र आली आहेत. ३० मिलिअँपिअरवर कार्य करणारे असे साधन वर्षाचे सर्व दिवस, पावसाळ्यातही, पहारा देते. त्या अर्थाने ते मेगरपेक्षा जागरूक आहे. पण ते वारंवार पडू लागले की त्यास वगळून थेट जोड देण्याची प्रवृत्तीही आपल्याकडे दिसते. वास्तविक पावसाळ्यात त्याचे पडणे ही फुकटात मिळालेली निरोधन-चाचणीच असते. शिवाय इलेक्ट्रॉनिक उपकरणे जोडलेली असताना ५०० व्होल्टची चाचणी करता येत नाही, ती सोडवावी लागतात. संगणक कक्ष आणि स्मार्ट बोर्ड यांच्या काळात एवढी उस्तवार कोणी करीत नाही, आणि मग नेमके तेच परिपथ चाचणीतून वगळले जातात. अहवालात त्यांच्यापुढेही आकडा असतोच.

वर उल्लेखिलेल्या इमारतीत पुढील तपासणीच्या वेळी नमुन्यात चार रकाने हाताने आखून घेण्यात आले: तारीख, खोलीचे तापमान, भिंतीची स्थिती आणि एका मिनिटानंतरचे वाचन. तपासणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रत्येक परिपथ स्वतंत्रपणे सोडवून करण्यात आली. तळघरातील भांडाराचे वाचन ०.३ मेगओहम आले. ती वायरिंग बदलण्यात आली. काढलेल्या तारांची गुंडाळी आता पदार्थविज्ञान विभागाच्या कपाटात, जुन्या मेगरच्या शेजारी ठेवलेली आहे.